आतला माणूस

सोमवार, २ मार्च

आज बँकांना रोजचे पैसे पुरवणाऱ्या डेस्कवर रुजू झालो. सव्वीस वर्षं देशाच्या मध्यवर्ती बँकेत काढली खरी, पण तळमजल्यावर, आकडेवारी विभागात. मागच्या वर्षीचे आकडे या वर्षी तपासायचे आणि पुढच्या वर्षी छापायचे. तिथला माणूस तिसऱ्या मजल्यावर जातो तो फाइल द्यायला. मी गेलो तो बसायला. सकाळी ही म्हणाली, "इस्त्रीचा शर्ट घाला, देश चालवायला निघालात." चेष्टा होती, पण शर्ट घातला.

खोलीत मोठी तिजोरी असेल असं का कोण जाणे वाटलं होतं. तिजोरी नाही. चार टेबलं, सहा स्क्रीन, एक घड्याळ आणि एक फोन, ज्यावरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. प्रमुख एक बाई आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. दुसरा गणित्या, चाळिशीचा, टक्कल पडलेला, खोलीत कायम मोज्यांवर फिरतो. तिसरा मी.

नऊ वाजता देशभरच्या बँकांचे फोन येतात: आमच्याकडे असलेल्या त्यांच्या खात्यात आज किती कमी पडणार. मग आम्ही तिघं आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहितो, घडी घालतो आणि बाईंच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवतो. एकमेकांचं बघायचं नाही. बाई तिन्ही उघडतात आणि मधला आकडा घेतात. सरासरी का नाही, असं मी विचारलं. "सरासरी काढली की एक शहाणा दोघांना घेऊन बुडतो," बाई म्हणाल्या.

मधला आकडा निघाला एकोणीसशे कोटी. बाईंनी तो टाइप केला, दोनदा वाचला आणि एन्टर दाबलं.

"कुठून आणले?" मी विचारलं.

"काय?"

"हे पैसे. कुठल्या खात्यातून?"

गणित्या हसला. बाई हसल्या नाहीत. "कुठून नाही. बँकांनी सरकारी रोखे आपल्याकडे तारण ठेवले, आपण त्यांच्या खात्यात आकडा लिहिला. लिहायच्या आधी हे पैसे नव्हते. आता आहेत."

"आणि उद्या परत आले की ठेवायचे कुठं?"

"ठेवायचे कशाला? आले की संपले."

मी आ वासून बसलो. एवढी वर्षं या इमारतीत येतोय आणि माझ्या डोक्यावर तीन मजले हे चाललं होतं. कमी सोडले तर बँका एकमेकींकडून चढ्या व्याजाने उचलतात आणि तो चढ महिन्याभरात लोकांच्या घराच्या हप्त्यांत उतरतो. जास्त सोडले तर वर्षाभरात बाजार महागतो. घरी येताना बसमध्ये प्रत्येक जण खिशात हात घालून सुटे शोधत होता. त्या सगळ्यांच्या खिशांपर्यंत बाईंचं एक बोट पोचतं, हे कळल्यावर मी स्वतःचे सुटे काढायचंच विसरलो.

बुधवार, ४ मार्च

आज नाक कापलं गेलं. कर भरायचा दिवस, म्हणजे सरकारच्या खात्यात मोठी रक्कम येणार. सरकारचं खातं आमच्याकडेच असतं. आपल्याकडे आले म्हणजे वाढले, असं धरून मी चिठ्ठीत अधिक लिहिलं. गणित्याने वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवून हसला.

"अहो, लोकांनी कर भरला म्हणजे त्यांच्या बँकांतून गेला," बाई म्हणाल्या. "तो इथं येऊन पडला की बाजारात नाही. सरकार खर्च करेल तेव्हा परत बाहेर. आपल्याकडे येणं म्हणजे उणे. हे उलटं गणित अंगात मुरायला महिना लागतो."

मधलीच चिठ्ठी घ्यायची पद्धत आहे म्हणून निभावलं. नाहीतर आज माझ्यामुळे देश सहा हजार कोटींनी चुकला असता.

दुपारी गुप्ततेच्या कागदावर सही केली. इथलं काहीही बाहेर बोलायचं नाही, बायकोशीही नाही. आकडेवारी विभागात असला कागद कुणी दिला नव्हता. तिथलं कुणी ऐकूनच घेत नाही. सही जरा मोठी आली.

रविवार, ८ मार्च

धाकट्या भावाकडे जेवायला गेलो होतो. त्याचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, अकरा कामगार. नुकतीच दोन शाळांच्या बाकांची ऑर्डर मिळाली आहे. जेवता जेवता त्याने विचारलं, "दादा, आमची कोपऱ्यावरची बँक ठीक आहे ना रे? शाळांचा अ‍ॅडव्हान्स सगळा तिथं टाकलाय. दोन महिन्यांचे पगार त्यातूनच जायचेत. अर्धा टक्का जास्त देते, म्हणून आपलं विचारतो."

धाकट्याने मला आजवर कुठल्याही व्यवहारात काही विचारलेलं नाही. उलट, "दादा कागद वाचतो, मी पैसे कमावतो," असं चारचौघांत म्हणायचा. मी हातातला घास खाली ठेवला. पाणी प्यालो. भिंतीकडे पाहिलं. मग म्हणालो, "या विषयावर मला बोलता येणार नाही."

भावजयीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. मग तिने न विचारता मला पुन्हा वाढलं. निघताना धाकटा फाटकापर्यंत आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "कळलं, दादा." काय कळलं ते विचारायला हवं होतं बहुतेक, पण तो क्षण मोडावासा वाटला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगीच नाही.

वाटेत हिने विचारलं, "त्या बँकेचं खरंच काही आहे का हो?" मी नुसतं हसलो. कागदावर सही केली आहे, ती पाळली. आज स्वतःबद्दल फार बरं वाटतंय.

मंगळवार, १० मार्च

सकाळच्या फोनमध्ये एक आवाज कापरा होता. धाकटा म्हणत होता तीच कोपऱ्यावरची बँक. एरवी दिवसाला तिथून चाळीस लाख काढले जातात, काल सहा कोटी गेले. बाईंनी कारण विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "कारणच नाही हो! हिशेब चोख आहेत, तुमच्याच तपासनिसांनी गेल्या महिन्यात पाहिलेत. लोक येतात आणि खाती रिकामी करा म्हणतात."

बाईंनी मला पाठवलं. "आकडे संध्याकाळी येतात, रांग आत्ता दिसते. जाऊन मोजून या. काही बोलू नका, नुसतं मोजा."

अकरा वाजून दहा मिनिटं: चौसष्ट माणसं. बँक धाकट्याच्या वर्कशॉपपासून चार दुकानं पुढे, पण मी कामावर होतो, म्हणून डोकावलो नाही. रांगेत एक आजी स्टूल घेऊन आलेल्या. एक सलूनवाला, गळ्यात एप्रन, खिशात कंगवा. दहा मिनिटांत रांग ऐंशीवर गेली. जो तो जाता जाता थांबायचा, रांग कसली ते विचारायचा आणि शेवटी जाऊन उभा राहायचा. कुणी ओरडत नव्हतं. मला ते ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं.

सलूनवाल्याला न राहवून विचारलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "पक्की बातमी आहे. मोठ्या बँकेतल्या आतल्या माणसाकडून. रविवारी कळली."

संतापाने माझे कान तापले. आमच्यातलाच कुणीतरी! सही करून बाहेर बडबडणारा! अशा माणसाला नोकरीवरून काढलं पाहिजे, असं मी परत आल्यावर बाईंना स्पष्ट सांगितलं. गणित्या म्हणाला, "आधी सापडू तर द्या."

बुधवार, ११ मार्च

आजचा दिवस आयुष्यभर विसरणार नाही, दोन कारणांनी.

रांग दोनशे बारा. कोपऱ्यावरच्या बँकेचे सरकारी रोखे काल संध्याकाळीच तारण ठेवून संपले. मी म्हणालो, "म्हणजे बुडाली."

"बुडाली कशी?" बाई चिडल्या. "लोकांना वाटतं त्यांचा पैसा बँकेच्या कपाटात असतो. तो त्या गल्लीतल्या दुकानांत असतो, घरांत असतो, कुणाच्या करवतीच्या यंत्रात असतो. कर्ज म्हणून गेलेला. ती कर्जं चांगली आहेत, पण दुपारी बारापर्यंत वसूल होणारी नाहीत. आज ही बँक बंद झाली तर उद्या शेजारच्या बँकेपुढे रांग लागेल. मग घाबरून सगळ्याच बँका कर्जं आवरतील, आणि ज्या पैशांवर ती गल्ली चालते तेच आटतील."

कर्जांची फाइल घेऊन त्या वरच्या मजल्यावर गेल्या. चाळीस मिनिटं. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो. गणित्याने पहिल्यांदाच बूट घातले. दहा चाळीसला बाई सही घेऊन आल्या, खुर्चीत बसल्या, आकडा टाइप केला: तीनशे कोटी. त्या बँकेची चांगली कर्जं तारण. एन्टर दाबण्याआधी त्यांनी तळहात साडीला पुसला.

बाराला नोटांच्या दोन गाड्या त्या गल्लीत पोचल्या. बाईंचा निरोप होता: बंडलं काचेमागे दिसतील अशी रचा, दोन काउंटर जादा उघडा, मागेल त्याला हसतमुखाने द्या आणि रांग संपेपर्यंत दार लावू नका. मी रस्त्याच्या पलीकडून पाहत होतो. सकाळी जो नुसता आकडा होता, तो माणसं गाडीतून हातांनी उतरवत होती. देवाने जग कसं केलं ते मला माहीत नाही, पण असंच काहीतरी करून केलं असेल.

हे पहिलं कारण. दुसरं घरी आल्यावर.

ही दारातच म्हणाली, "भावजयीचा फोन होता. शंभरदा आभार मानत होती. म्हणाली, भावजींनी वेळेवर सुचवलं म्हणून वाचलो. सोमवारी बँक उघडताच सगळे पैसे काढले. कामगारांना सांगितलं, सलूनवाल्याला सांगितलं, तिच्या माहेरी सांगितलं."

"मी काय सुचवलं?" मी विचारलं.

ही माझ्याकडे बघत राहिली. "तेच मीही तिला विचारलं. म्हणाली, बोलले काहीच नाहीत, पण घास खाली ठेवला."

गुरुवार, १२ मार्च

तो आतला माणूस मी.

आठ वाजताच बाईंसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं.

"तुम्ही नेमकं काय बोललात?"

"बोलता येणार नाही, असं बोललो."

"रविवारी तुम्हाला त्या बँकेबद्दल काय माहीत होतं?"

"काहीच नाही."

"मग 'माहीत नाही' असं का नाही सांगितलंत? खरं होतं, सोपं होतं. मी गेली तीस वर्षं तेच सांगते."

सव्वीस वर्षं मी 'माहीत नाही' म्हणत आलो. आता माहीत असलेला माणूस व्हावंसं वाटलं. हे मी बाईंना सांगितलं. असं कुणासमोर मी कधी बोललो नव्हतो.

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लेखी खुलासा द्या. तो मला वर पाठवावाच लागेल, आणि तुमची नोकरी राहील की नाही ते मला सांगता येत नाही. तोवर बसा, फोन घ्या."

रांग एकशे नव्वद. पैसा मिळतोय हे दिसत असूनही लोक येतच होते. बाई तीनशे कोटी निर्माण करू शकतात, मी एक घास खाली ठेवून सगळ्या गल्लीची झोप उडवू शकतो. हे एवढं अफाट यंत्र शेवटी कुणी कुणाकडे कसं पाहिलं यावर उभं आहे. मला आज त्याचा धाक बसला. माझी स्वतःची लाजही फार वाटते आहे.

संध्याकाळी धाकट्याचा फोन.

"दादा, बँकेने माझं लाकडाचं कर्ज थांबवलंय. रांग संपेपर्यंत नवं कर्ज नाही म्हणतात. लाकूड नाही तर बाकं कशाची करू? घरात पिशवीभर पैसे आणि वर्कशॉप थंड. त्यातून पगार देईन रे, पण ते संपल्यावर अकरा जणांना काय सांगू? परत ठेवू का बँकेत? तूच सांग."

आता मला खरंच माहीत होतं. तीनशे कोटींचं माहीत होतं, बँक तरणार हे माहीत होतं. 'ठेव' हा शब्द ओठांवर आला. सही आठवली. गप्प बसलो तर तो पुन्हा अर्थ काढणार. 'माहीत नाही' म्हणालो तर ते आज खोटं. शेवटी जे माझं स्वतःचं होतं, ज्यावर कुठल्याही कागदाचा हक्क नव्हता, तेवढंच सांगितलं.

"हे बघ, रविवारी मला त्या बँकेबद्दल काडीचंही माहीत नव्हतं."

"मग गप्प का बसलास?"

"तू मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलंस. बरं वाटलं."

मग तो म्हणाला, "दादा, मी पंचवीस लोकांना सांगितलं रे."

"हो."

"आणि आज काय माहीत आहे?"

"आजचं सांगता येत नाही. आणि याचा कुठलाही अर्थ काढू नकोस, हात जोडतो."

त्याने फोन ठेवून दिला. माझ्या धाकट्या भावाने माझा फोन असा मध्येच तोडायची ही पहिलीच वेळ.

शुक्रवार, १३ मार्च

दहा वाजता बाईंनी पुन्हा मोजायला पाठवलं. एकशे त्र्याहत्तर. विजेच्या खांबाशी वही घेऊन उभा राहिलो आणि रांगेत धाकटा दिसला. पोटाशी पिशवी कवटाळून. ठेवायचे असोत की काढायचे, रांग एकच होती. त्याच्यापुढे तो सलूनवाला, आज घरच्यांची उरलेली खाती रिकामी करायला आलेला.

"तुम्ही तर सोमवारीच नेलेत ना?" सलूनवाल्याने विचारलं. "आता काय उरलंय?"

"ठेवायला आलोय."

मागचेपुढचे वळले. सलूनवाला म्हणाला, "डोकं फिरलंय का? तुमचा भाऊच तर..."

"त्याला काही माहीत नव्हतं."

"मग गप्प का बसला?"

"भाव खायला!" धाकटा एवढ्या जोरात ओरडला की स्टूलवरच्या आजी दचकल्या. "माझा विश्वास नसेल तर त्यालाच विचारा. तो काय, खांबाशी वही घेऊन उभा आहे."

पावणेदोनशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं. निघून जाता आलं असतं. काही बोलू नका, असं बाईंनी पहिल्यांदा मोजायला पाठवतानाच बजावलं होतं. पण मी निघालो असतो तर त्याचाही अर्थ निघाला असता. तेवढं मी एव्हाना शिकलो होतो.

"खरं आहे," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं," आजी म्हणाल्या. "मोठ्याने सांगा."

"खरं आहे!" मी ओरडलो. "रविवारी मला या बँकेबद्दल काहीही माहीत नव्हतं! मी नवीन आहे! भावासमोर भाव खाल्ला!"

आधी आजी हसल्या, तोंडाला पदर लावून. मग त्यांच्या मागची दोघं. हसू रांगेतून पुढे गेलं, कोपऱ्यावरून वळलं, आणि तिकडे कशाला हसतोय ते माहीत नसलेली माणसंही हसली. सोमवारी भीती पसरली होती तसंच, माणसामागून माणूस. मी खांबाला धरून उभा होतो. एवढा उघडा मी जन्मात कधी पडलो नव्हतो, आणि मला त्या हसण्याचं नवल वाटत होतं. सलूनवाला म्हणाला, "चार दिवस दुकान बंद ठेवलं हो मी तुमच्या घासापायी!" आणि शिव्या देत दुकान उघडायला गेला.

सगळे गेले नाहीत. काहींनी पैसे काढलेच. पण बाराला एकशे दहा होते, दोनला त्रेचाळीस. चार वाजून पाच मिनिटांनी मी वहीत शून्य लिहिलं. बाईंना फोन केला आणि काय काय बोललो ते अक्षरन् अक्षर सांगितलं. त्या म्हणाल्या, "खुलासा सकाळीच वर गेलाय. आता हेही लिहून द्या." मग थोडं थांबून, "शून्य ना? नक्की?" मी म्हणालो, नक्की. त्यांनी हुश्श केलेलं मला फोनवर ऐकू आलं.

धाकटा रिकामी पिशवी घडी करत खांबाशी आला. लाकडाच्या कर्जासाठी सोमवारी बोलावलंय म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.

"वहिनींना सांगितलंस का हे सगळं?"

"नाही अजून."

"मग आधी चहा पी. पैसे तू द्यायचेस."

पलीकडच्या टपरीवर दोन कप घेतले. मी खिशातून नोट काढून दिली. चहावाल्याने ती बघितलीसुद्धा नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गल्ल्यात टाकली. मला तिथंच भरून आलं. धाकट्याने विचारलं, "काय झालं?" मी त्याला सांगायचा खूप प्रयत्न केला, पण मला नीट सांगता आलं नाही.